शनिवारच्या सोडतीतला खोटा नंबर

आमच्या राज्यात बारमध्ये जुगार चालवायचा असेल तर आधी पुण्यकर्म दाखवावं लागतं. कोणी उठला आणि पैसे लावून बसला, असं चालत नाही. आग विझवणारे, जुने सैनिक, पोरांचा हॉकी क्लब, असल्या कोणाच्या तरी नावानं परवाना घ्यायचा, नफा त्यांच्या कामाला द्यायचा, आणि सरकार मधे खाष्ट सासूसारखं डोळे वटारून बसणार. बक्षिसांचा तक्ता भिंतीवर कुठे टांगायचा हेसुद्धा सरकारच सांगतं. बार माझा, भिंत माझी, खिळाही माझाच, पण तक्ता हलवायची मला चोरी. मी रोझान. पाईक बेंड गावातला झुपान्स बार माझ्या बापानं काढला, आता मी चालवते. कोपऱ्यातली खिडकी हॉकी क्लबला भाड्यानं दिलीय. तिथे ते फाडून आत बक्षीस लागलंय का बघायच्या पट्ट्या विकतात, आणि शनिवारी दुपारी मांसाची सोडत काढतात, म्हणजे तिकिटं विकायची आणि निघेल त्या नंबरला मांसाचं पाकीट. मुलांच्या हॉकीच्या रिंकवरचा बर्फ त्याच पैशावर गोठतो. मिनेसोटात बर्फ विकत घ्यावा लागतो म्हणून बाहेरचे हसतात. हसू देत. छपराखालचा बर्फ फुकट नसतो.

तर अर्व्हिड मॅकेलाबद्दल सांगायचं होतं. माझं हे असंच, उचलली जीभ लावली टाळ्याला.

अर्व्हिडनं जन्मभर शाळेची बस चालवली. त्याची आई असली कडक लुथरन ख्रिश्चन की घरात पत्त्यांचा कॅट सापडला असता तर तिनं चिमट्यानं उचलून चुलीत घातला असता. पोरगाही तसाच निघाला, नाकासमोर चालणारा. रेल्वेच्या फाटकाशी बस थांबवायची, दार उघडायचं, कान देऊन ऐकायचं आणि मगच पुढे जायचं, असा नियम आहे. जुन्या खाणीकडे जाणाऱ्या रुळांवरून कित्येक वर्षांत गाडी गेली नव्हती. रुळांतून बर्चची झाडं उगवली होती. तरी हा बाबा भर जानेवारीत दार उघडून ऐकत बसायचा आणि आत पोरं कुडकुडत त्याच्या नावानं खडे फोडायची. मी स्वतः त्या बसमध्ये मागे बसून फोडलेत.

निवृत्त झाला तेव्हा वाटलं, आता मासे मारत बसेल. पण त्याच वर्षी क्लबचा जुगार सांभाळणारी बाई ऊन खायला ॲरिझोनाला गेली ती गेलीच. तिच्या जागी परवानाधारक माणूस नेमल्याशिवाय खिडकी उघडता येईना. क्लबची सभा भरली. कोण होतो म्हटल्यावर जो तो आपापल्या बुटांकडे बघायला लागला. बाहेर मरणाची थंडी होती, म्हणून अर्व्हिड गाडी गरम करून ठेवायला गेला. परत येतो तर काय, त्याची एकमतानं निवड झालेली! सगळे टाळ्या वाजवतायत. त्यानं टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "मतदान झालंय ना? मग झालं."

त्या परवान्यासाठी परीक्षा असते. माझ्या काउंटरवर कॉफी घेऊन तो नियम पाठ करायचा. जन्मात ज्यानं एक नाणं लावलं नाही, तो माणूस जुगाराचे नियम ओठ हलवत घोकतोय. मी चिडवायचे, "अर्व्हिड, आई वरून बघतेय हं!"

"तिला सांगून आलोय," तो म्हणाला. "कबरीपाशी जाऊन मुख्य मुद्दे वाचून दाखवले."

आणि तो थट्टा करत नव्हता.

पहिल्या झटक्यात पास झाला. परवान्यावर नाव त्याचं. म्हणजे खिडकीत काही वेडंवाकडं झालं, तर पहिली मान त्याची आणि दुसरी क्लबची. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आम्हालाही ठाऊक होतं, पण आम्ही ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

का, ते सांगते. त्या हिवाळ्यात गावाला पोसणारी नवी खाण पुन्हा बंद पडली. गावातल्या डार्लाचा नवरा पश्चिमेला तेलाच्या कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. घरी डार्ला आणि दोन मुली. थोरली आमच्या मुलींच्या संघाची गोलकीपर, भिंतीसारखी उभी राहते. डार्ला शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ भांडी घासायची, त्यात काय भागणार? आणि आमच्याकडे मदत घेणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. फिनलंडातून आलेले असोत नाहीतर माझ्यासारखे स्लोव्हेनियन, सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही. दारात कोणी डबा ठेवला तर दुसऱ्या दिवशी तोच डबा केक भरून परत येतो, घरात पीठ नसलं तरी. पण जिंकलेलं? जिंकलेलं कोणीही घेतं. जिंकण्यात कसली लाज?

सोडतीत नंबर पुकारायचा रुडी. गावाचा बर्फ काढायची गाडी तो चालवतो, आवाजही त्या गाडीसारखाच. तिकिटाचा अर्धा भाग ज्याचा त्याच्या हातात, अर्धा ड्रममध्ये. रुडी ड्रम फिरवायचा, चिठ्ठी काढायचा आणि पुकारायचा. डार्लाला तो एक तिकीट विकायचा आणि तिचा नंबर ध्यानात ठेवायचा. मग दुपारभरात केव्हातरी, चिठ्ठीवर काहीही असो, तोंडातून डार्लाचा नंबर यायचा. खरा नंबर ज्याच्याकडे असेल तो आपल्या बिअरमध्ये बघत बसायचा. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांना कळलं होतं. मलाही. मला त्याबद्दल आजही वाईट वाटत नाही, कुणी विचारलं तर तोंडावर सांगेन. दोघांनाच माहीत नव्हतं: डार्लाला आणि अर्व्हिडला.

फेब्रुवारीतला तो शनिवार. ड्रमचं झाकण सैल झालं होतं, म्हणून अर्व्हिड ते धरून रुडीच्या शेजारी उभा राहिला. रुडीनं चिठ्ठी काढली, नाकापाशी धरली आणि गरजला, "सत्तावीस!"

"अगं बाई, मीच!" डार्ला उठली. टेबलावरून तिनं बेकनचं मोठं पाकीट उचललं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अर्व्हिड म्हणाला, "चार आहे तो."

"सत्तावीस," रुडी दातओठ खात म्हणाला.

"रुडी, चष्मा लाव. चार आहे. हा बघ." त्यानं रुडीचं मनगट धरून चिठ्ठी वर केली. अख्ख्या बारला दिसली. "चार कोणाकडे आहे?"

चार नंबर म्हाताऱ्या आयलीकडे होता. तिचं टेबल काउंटरला लागूनच, मला तो स्पष्ट दिसत होता. आयलीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, तिकीट तोंडात टाकलं आणि वरून बिअरचा घोट घेतला.

"माझ्याकडे काही नाही बाई," ती म्हणाली.

"आयली, तू आत्ता तिकीट खाल्लंस," अर्व्हिड म्हणाला.

"भूक लागली होती."

एरवी छप्पर उडेल इतके हसलो असतो. पण डार्ला तशीच उभी होती, बेकन छातीशी धरून. तिनं रुडीकडे पाहिलं, आयलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. फक्त आजचं नव्हे, मागचे सगळे शनिवार. तिनं पाकीट टेबलावर ठेवलं, कोट घेतला आणि गेली. दारही आपटलं नाही तिनं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग आम्ही सगळे अर्व्हिडवर तुटून पडलो. तो भिंतीपाशी उभा, झाकण हातात.

"काय गरज होती? गप्प राहता येत नव्हतं?" रुडी ओरडला.

"मला वाटलं तुला दिसत नाही," अर्व्हिड म्हणाला. तोवर त्यालाही उमगलं होतं. चेहरा पांढरा पडला होता. "कधीपासून चाललंय हे?"

रुडी ड्रमवरची धूळ पुसायला लागला.

"सोमवारी मला सरकारच्या जुगार खात्याला कळवावं लागेल," तो म्हणाला.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! मी काउंटरच्या बाहेर आले. "अर्व्हिड, डोकं ठिकाणावर आहे का? परवाना जाईल. रिंक बंद पडेल. आणि गाव काय म्हणेल? डार्लाच्या बेकनपायी पोरांचा बर्फ गेला म्हणेल. त्या बाईला गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

"म्हणूनच कळवायचं, रोझान. आपण सांगितलं तर आपली चूक. दुसऱ्या कोणी सांगितलं तर चोरी. आणि सांगणारा आज नाही तर उद्या निघतोच."

"आमच्यातलं कोणी सांगणार नाही."

"मीही तुमच्यातलाच आहे," तो म्हणाला. "आणि सही माझी आहे."

मी त्याला म्हटलं, सही घेऊन चालता हो, आणि माझ्याकडे कॉफी प्यायला येऊ नकोस. राग आला की मी अशीच बोलते. तो गेला, जाताना कपाचे पैसे ठेवून.

सोमवारी त्यानं फोन केला. निर्णय लागेपर्यंत खिडकी बंद झाली, सोडत बंद झाली, आणि गावानं अर्व्हिडला वाळीत टाकलं. रुडीनं तर कहर केला. रोज पहाटे बर्फाची गाडी फिरवताना अर्व्हिडच्या अंगणाच्या तोंडाशी हा कमरेएवढा ढीग लोटून जायचा. अर्व्हिड उजाडल्यावर फावडं घेऊन यायचा, गपचूप ढीग उपसायचा. शेजारचे पडद्याआडून बघायचे. मीही एकदा मुद्दाम तिथून गाडी नेली. त्यानं हात केला. मी नाही केला.

खात्याकडून आलेली तपासनीस बाई, कॅरिन तिचं नाव, दोन दिवस माझ्या बारमध्ये बसून एकेकाला विचारत होती. मला वाटलं होतं कोणी खत्रूड असेल. बाई साधी होती, पोर्केटाचं, म्हणजे मसाला लावून भाजलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच दोनदा मागून खाल्लं.

"आयली, चार नंबर तुमच्याकडे होता का?" तिनं विचारलं.

"मला आता आठवत नाही हो," आयली म्हणाली. "पचलं की मी विसरते."

कॅरिननं कागदात तोंड खुपसलं. खांदे हलत होते तिचे. मग मला म्हणाली, "मी लोकांना स्वतःच्या खिशासाठी नंबर फिरवताना पकडलंय. दुसऱ्याच्या फ्रीजसाठी फिरवणारं गाव पहिल्यांदाच पाहतेय. पण रोझान, तिकीट विकत घेतलेल्या प्रत्येकाला सारखी संधी नसेल, तर ती सोडत नाही. तुम्ही सगळ्यांनी आपखुशीनं आपलं बक्षीस सोडलं म्हणता. त्या दिवशी बाहेरगावचा कोणी पाहुणा बसला असता तर? त्यानं कुठे सोडलं होतं?"

मी तिच्यापुढे तिसरं सँडविच ठेवलं.

मार्चमध्ये एके दुपारी बारचं दार उघडलं आणि अर्व्हिड आत आला. बूट झटकले. काउंटरपर्यंत आला, पण बसला नाही.

"क्लबला दंड झाला," तो म्हणाला. "रुडीला पुन्हा कधी नंबर पुकारता येणार नाही. नवीन माणूस शिकवून तयार केला की सोडत सुरू करता येईल."

"आणि परवाना?" मी विचारलं.

"राहिला. आपण होऊन सांगितलं म्हणून राहिला, असं तिनं लिहिलंय."

बारमध्ये कोणीतरी टेबलावर मूठ आपटली आणि एकच गलका झाला. मी कॉफी ओतली आणि त्याच्यासमोर सरकवली. त्यानं दोन्ही हातांनी कप धरला, आणि तेव्हा मला दिसलं की बोटं फावड्यानं सोलून निघालीयत. मला भडभडून आलं. "बस की आता, काय खांबासारखा उभा राहिलायस," मी म्हटलं. माझी माफी मागायची पद्धत हीच आहे, त्याला कळली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारातला ढीगही गायब झाला. उलट रुडी त्याचं अख्खं अंगण साफ करून जायला लागला.

पण डार्ला कुठेच दिसेना. शाळेतून घरी, घरातून शाळेत. मुलीच्या सामन्यालाही बाहेर गाडीत बसून राहायची. अर्व्हिड मला म्हणाला, "तिच्याकडे जायचंय. तू चल. मला बोलता येत नाही."

"आणि मला गप्प बसता येत नाही. बरी जोडी आहे," मी म्हटलं.

डार्लानं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. आम्ही पायरीवर उभे.

"क्लबच्या नफ्यातून अडचणीतल्या घराला मदत देता येते," अर्व्हिडनं सुरुवात केली. "कायदेशीर आहे. सभासदांनी मत द्यायचं, मग..."

"गावानं माझ्यावर मतदान करायचं?" डार्ला म्हणाली. "हात वर करून? नको." मग ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं, रोझान. मला वाटायचं माझं नशीब फिरलं. इतकं सगळं वाईट झालं, पण शनिवारी मात्र देव माझ्याकडे बघतो. मुलींना सांगायचे, आईचा हात चांगलाय ग. मी तिकीट घ्यायला निघताना त्या माझ्या हाताचा मुका घ्यायच्या. आणि तुम्ही सगळे बसून बघत होतात!"

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, थंडीत गालावर गोठलं मेलं.

अर्व्हिड टोपी हातात फिरवत होता. "मदत नको तर काम घे," तो म्हणाला. "मला नंबर पुकारायला माणूस हवाय. शिकावं लागेल, नियम पुष्कळ आहेत. काम करणाऱ्याला स्वतः खेळता येत नाही, म्हणजे बेकन विसर. पगार मिळेल. चांगला आहे."

"मलाच का? कीव येते म्हणून?"

"नाही," अर्व्हिड म्हणाला. "खोट्या नंबराचा तुझ्याइतका राग गावात कोणाला नाही, म्हणून."

आतून धाकटी ओरडली, आई, दार लाव, गार लागतंय. "आत या," डार्ला म्हणाली. "नियम काय आहेत ते तरी कळू दे."

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सोडत पुन्हा सुरू झाली. बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. डार्ला ड्रमपाशी उभी, केस बांधलेले, गळ्यात क्लबचं ओळखपत्र. सारखी ते सरळ करत होती. अर्व्हिड भिंतीला टेकून उभा, तोच जास्त घाबरलेला. रुडी आता साधं गिऱ्हाईक होता, आयलीच्या शेजारी तिकीट घेऊन बसलेला. इतकी वर्षं पुकारत होता, त्यामुळे त्याला कधी खेळताच आलं नव्हतं.

डार्लानं ड्रम फिरवला. चिठ्ठी काढली, उंच धरली, डावीकडे दाखवली, उजवीकडे दाखवली, मग वाचली.

"अकरा."

रुडीनं आपल्या तिकिटाकडे पाहिलं, उलटं करून पाहिलं, परत सुलटं केलं. "माझा आहे," तो म्हणाला. त्याच्या त्या गाडीसारख्या आवाजाचं पार मांजर झालं होतं. "अरे, खरंच माझा आहे!"

"सेटिंग! सेटिंग!" लोक बोंबलायला लागले. आयली म्हणाली, "चिठ्ठी दाखवा, मी चावून बघते."

रुडी पुढे गेला. टेबलावरचा सगळ्यात मोठा पोर्केटाचा रोल त्यानं उचलला. एवढा धिप्पाड माणूस, डोळे पुसत होता. मग सवय म्हणा की आणखी काही, त्यानं तो रोल डार्लापुढे धरला. "घे," तो म्हणाला. "मुलींना."

अर्व्हिड भिंतीपासून पुढे सरकला. मला वाटलं, झालं, ही आता ड्रम सोडून निघून जाणार.

डार्लानं त्या रोलकडे पाहिलं. मग रुडीकडे. "काम करणाऱ्याला बक्षीस घेता येत नाही, रुडी," ती म्हणाली. "तू जिंकलायस, तू घरी ने. आणि एवढं मोठं एकटा काय खाणार आहेस? उद्या भाज, आणि आम्हाला तिघींना जेवायला बोलाव. पोटिका केक मी करून आणते, अक्रोड भरपूर घालून."

रुडीला नुसती मान हलवता आली.

"किती वाजता यायचं ते नंतर सांग," डार्ला म्हणाली आणि ड्रमकडे वळली. "तिकिटं हातात ठेवा. आयली, तोंडात नको. पुढचा नंबर काढतेय."